भोपाळच्या तलावाची प्रदक्षिणा

कोकणपट्टीतील देवस्थानांची यात्रा ज्यांनी केली आहे, त्यांना हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेविषयी फारसे सांगावयास नको. श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते त्या टोकावर हे क्षेत्र आहे. प्रथम काळभैरवाचे दर्शन घ्यावे, मग हरिहरेश्वराचे, आणि पुन्हा एकवार काळभैरवासमोर येऊन उभे राहावे, असा तेथील परिपाठ. प्रदक्षिणा मात्र देवळाच्या भिंतींभोवती होत नाही. देवळामागच्या डोंगरावर चढावे, दोन कड्यांमधील अरुंद खिंडीतल्या पायऱ्यांनी खाली उतरावे, आणि लाटांनी कोरून जाळीदार केलेल्या खडकांवरून, एका हाताला डोंगर व दुसऱ्या हाताला अथांग सागर ठेवीत, पुन्हा वाळूच्या किनाऱ्याने देवळापाशी यावे. ही वाट ओहोटीच्या वेळीच मोकळी असते. भरतीचे भान न ठेवणाऱ्यांचे तेथे प्राणही गेले आहेत. म्हणून जाणती माणसे तिथी पाहून, गावकऱ्यांना विचारून मगच निघतात.

श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजेच पुढे पेशवे झालेल्या कुळाचे हे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ याच मुलुखातून घाटावर गेले. आणि त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव बाजीराव यांच्या कारकिर्दीतील एक अत्यंत महत्त्वाचा प्रसंग सागरापासून शेकडो कोस दूर, पण एका विस्तीर्ण जलाशयाच्याच काठी घडला. तो जलाशय म्हणजे भोपाळचा मोठा तलाव. भोपाळला समुद्र नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तरी हिवाळ्याच्या सकाळी धुके असताना तेथील काठावर उभे राहिले, तर पलीकडचा तीर दिसत नाही, आणि कोकणातून गेलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार समुद्राचाच येतो. तलाव म्हणावा तो भोपाळचाच, बाकीची सारी डबकी, अशा अर्थाची एक हिंदी म्हण तिकडे प्रसिद्ध आहे. देवालयापुढील रेखीव, पायऱ्यांच्या तळ्यांचा रास्त अभिमान बाळगणाऱ्या आमच्या गोमंतकीय वाचकांनी तिचा राग मानू नये; सुमारे ३१ चौरस किलोमीटरचे पाणी पाहून कोणीही थोडे गर्वाने बोलेल.

या तलावास तीर्थक्षेत्राची प्रतिष्ठा नाही. त्याची प्रदक्षिणा शास्त्राने सांगितलेली नाही की रूढीनेही पडलेली नाही. तथापि या पाण्यास उजवी घालून चालत गेले असता भोपाळचा इतिहास जसा उलगडतो, तसा तो ग्रंथांतून उलगडत नाही, असे आम्हांस वाटते. विशेषतः आम्हा मराठी माणसांना या पाण्याची एकच बाजू ठाऊक आहे. ती आमच्या विजयाची बाजू होय.

आरंभ कमला पार्कपासून करावा. नावाने हे उद्यान असले तरी वस्तुतः तो जुना बांध आहे. पश्चिमेस मोठा तलाव, पूर्वेस छोटा तलाव, आणि मधून जाणारी ही मातीची भक्कम भिंत. तिचे कर्तृत्व परंपरेने परमार राजा भोज याच्याकडे, म्हणजे अकराव्या शतकाकडे जाते. कोलांस नावाची नदी पूर्वी हलाली नदीस जाऊन मिळत असे. बांधाने तिची वाट अडली, पाणी पसरले, आणि तलाव भरून जे वाहते ते आता दुसऱ्याच दिशेने, कलियासोत नदीतून, बेतव्याकडे जाते. नदीचे तोंड फिरविणे ही गोष्ट आजच्या यंत्रयुगातही सोपी मानली जात नाही.

भोजराजाविषयीची आख्यायिका सुरस आहे. राजास त्वचारोग झाला. वर्षाचे दिवस तितके, म्हणजे ३६५, प्रवाह ज्यात मिळतात अशा सरोवरात स्नान केल्यास रोग हरेल, असे एका साधूने सांगितले. राजाच्या माणसांनी शोध केला तेव्हा प्रवाहांची संख्या पुरी भरेना. तेव्हा कालिया नावाच्या एका गोंड नायकाने लपलेली एक नदी दाखविली, आणि तिला त्याचे नाव मिळाले. विद्वान याला कथा म्हणतील, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या कथेत राजाचे काम एका वनवासी माणसाच्या भूमिज्ञानावाचून अडते, ती कथा आम्हांस मोलाची वाटते. कारण ही आख्यायिका खरे म्हणजे भोपाळच्या आग्नेयेस असलेल्या भोजपूरच्या विशाल सरोवराची आहे, आणि तेथे दोन नद्यांचे पाणी एकत्र आणल्यावाचून ते सरोवर भरणे शक्य नव्हते. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या सरोवराचा विस्तार सुमारे २५० चौरस मैल असावा असा अंदाज केला होता. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशहा याने त्याचे बांध फोडले. बांध तोडावयास फौजेला तीन महिने लागले, पाणी ओसरावयास तीन वर्षे आणि तळ राहण्यायोग्य होण्यास तीस वर्षे, असे गोंड लोक सांगत. त्या नाहीशा झालेल्या सरोवराच्या काठावर भोजेश्वराचे अपुरे देवालय आजही उभे आहे. गाभाऱ्यातील शिवलिंग माणसाहून उंच आहे, आणि भोवतालच्या खडकांवर स्थपतींनी कोरलेले देवळाचे आराखडे अजून दिसतात. भोपाळचा तलाव हा त्या थोरल्या सरोवराचा धाकटा भाऊ. तो वाचला.

कमला पार्कवरून दक्षिणेकडे निघाले की श्यामला टेकडी लागते. तिच्यावर मानव संग्रहालय आहे आणि पायथ्याशी नावांचा धक्का. पुढे काठाकाठाने वनविहार. १९८३ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हा भाग रमणीय असला तरी इतिहासाच्या दृष्टीने येथे फार थांबण्याचे कारण नाही. त्यापुढे भदभदा येतो. येथे तलावाचे जादा पाणी बाहेर पडते, व १९६५ साली येथे अकरा दरवाजांचे धरण बांधून पाण्याची पातळी वाढविण्यात आली. शिवालयाची प्रदक्षिणा करणाऱ्यास येथे सोमसूत्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अभिषेकाचे जल जेथून बाहेर जाते ती रेषा ओलांडावयाची नाही, तेथून मागे फिरावयाचे, हा आपला नियम. नर्मदेची परिक्रमा करणारेही तिचा प्रवाह मधे कोठेही ओलांडीत नाहीत. भदभद्याला असा नियम नाही, म्हणून पुढे जावे.

पुढची वाट मात्र काठाची राहत नाही. तलावाचा पश्चिम भाग पसरट व उथळ आहे. पावसाळ्यात पाणी शेतांपर्यंत चढते, उन्हाळ्यात मैलमैल मागे सरते, आणि मोकळ्या झालेल्या गाळात लोक पिके घेतात. हरिहरेश्वरी पाण्याची सीमा दिवसातून दोनदा हलते, पण खडक हलत नाहीत. येथे सीमा वर्षातून एकदाच हलते, आणि ती नेमकी कोठे आहे यावरून आज तंटे चालतात. घरे, बागा, कुंपणे पुढे सरकतात, आणि भरल्या तलावाची रेषा दाखविण्यासाठी खांब रोवावे लागतात. २००२ साली या दोन्ही तलावांना भोज पाणथळ या नावाने रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ भूमींत, स्थान मिळाले. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटाही येथूनच जातो. असे असूनही पश्चिमेच्या काठाने सलग चालणे कठीण आहे, आणि प्रदक्षिणा करणाऱ्याला गावांतून व रस्त्यांवरून वळसा घ्यावा लागतो.

या पश्चिम-वायव्य दिशेलाच सिहोर जिल्ह्यातील दोराहा हे गाव आहे, आणि येथे आम्ही जरा अधिक थांबू इच्छितो. १७३७ च्या प्रारंभी बाजीराव दिल्लीच्या दारापर्यंत जाऊन आले. त्याने हबकलेल्या बादशहाने निजामुल्मुल्क आसफजहास दक्षिणेतून बोलावून घेतले. वर्षाअखेर निजाम मोठी फौज व उत्तम तोफखाना घेऊन माळव्यात उतरला. त्याच्याबरोबर राजपूत, जाट, बुंदेले अशी निरनिराळी पथके होती, आणि भोपाळचा नवाब यार महंमद त्याच्याच पक्षाचा. बाजीरावांनी नर्मदा ओलांडली; त्यांच्या फौजेचा आकडा ८० हजार सांगण्याची पद्धत आहे. डिसेंबरात निजामाने भोपाळच्या आश्रयास येऊन तळ दिला. एका बाजूस तलाव, दुसऱ्या बाजूस ओढा, पाठीशी कोट. तोफा असलेल्या सेनापतीला याहून सुरक्षित जागा कोणती वाटावी?

पण फिरत्या घोडदळापुढे ही सुरक्षितता उलटली. बाजीरावांनी तोफांच्या तोंडी जाण्याचे टाळले आणि भोवती कडे केले. पाण्यामुळे शत्रूला आत येता येत नव्हते, त्याच पाण्यामुळे निजामाला बाहेर पडता येत नव्हते. धान्य व चारा तुटू लागला. उत्तरेकडून येणाऱ्या सफदरजंगाच्या कुमकेस मल्हारराव होळकर व यशवंतराव पवार यांनी वाटेतच गाठले. दक्षिणेकडून नासिरजंग बापाच्या मदतीस येईल म्हणून चिमाजी अप्पा खानदेशात तापीकाठी वरणगावाजवळ ठाण मांडून बसले होते. आणि ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही, की त्याच वर्षी चिमाजींनी कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध वसईच्या मोहिमेस हात घातला होता. निजामासारख्या वृद्ध व अनुभवी पुरुषाने स्वतःस अशा पेचात घालून घ्यावे याचे आश्चर्य बाजीरावांनी बंधूस लिहिलेल्या पत्रात व्यक्त केले आहे. निजामाने तोफांच्या आडोशाने हळूहळू मागे सरकण्याचा यत्न केला, पण तो मजल गाठू शकला नाही. अखेर ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराई येथे त्याने माळवा सोडण्याचे, नर्मदा व चंबळा यांमधील प्रदेशावर मराठ्यांचा अधिकार मान्य करविण्याचे आणि खर्चापोटी बादशहाकडून ५० लक्ष रुपये मिळवून देण्याचे लिहून दिले. माळव्याची रीतसर सनद मात्र १७४१ साली नानासाहेबांच्या हाती पडली. मध्यंतरी दिल्लीवर नादिरशहा येऊन गेला, आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठीच रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला.

आमची पुस्तके बहुधा येथेच भोपाळचा निरोप घेतात. प्रदक्षिणा मात्र अर्धी राहिलेली असते.

उत्तर तीरावर बैरागढ लागते. दुसऱ्या महायुद्धात येथे युद्धकैद्यांची छावणी होती, आणि फाळणीनंतर सिंधमधून निराश्रित होऊन आलेल्या कुटुंबांनी तेथे संसार मांडले. आपली कुलदैवते मागे ठेवून परक्या मुलुखात देवघरे पुन्हा उभारणे म्हणजे काय, हे सारस्वतांसारख्या, गोव्यातून देव घेऊन निघालेल्या समाजास समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे लालघाटीवरून काठाचा रस्ता सुरू होतो. पाण्यातल्या बुरुजावर भोजराजाचा पुतळा आहे, तो २०११ साली उभारला गेला. मग दोस्त महंमदखानाने १७२० नंतरच्या वर्षांत बांधलेल्या फतेहगडाचे अवशेष येतात.

याच कोटाभोवती १८१२ साली मराठी फौजांनी पुन्हा वेढा दिला. या वेळी ग्वाल्हेरकर शिंद्यांचा सरदार जगोबा बापू आणि नागपूरकर भोसल्यांचा सादिक अली एकत्र आले होते, आणि आत वजीर महंमदखान थोड्या शिबंदीनिशी लढत होता. मधल्या काळात, १७९४ साली, दिवाण छोटेखान याने पूर्वेस दुसरा बांध घालून छोटा तलाव निर्माण केला होता, त्यामुळे आता शहराच्या दोन अंगांना पाणी होते. वेढा महिनोन् महिने चालला, शहरात उपासमार झाली, तटावर स्त्रियाही उभ्या राहिल्याचे सांगतात. १८१३ साली वेढा उठला. भोपाळ पडले नाही. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्या पाण्याने निजामाला कोंडले, त्याच पाण्याच्या आश्रयाने भोपाळकर तगले. पहिला वेढा एका साम्राज्याच्या सेनापतीला होता, दुसरा एका लहान शहराला. आमच्या मते हा भेद मराठी वाचकाने नजरेआड करू नये. दुसऱ्या वेढ्याने मराठ्यांना काही मिळाले नाही, आणि पाचच वर्षांनी, १८१८ मध्ये, भोपाळ इंग्रजांच्या तहात बांधले गेले.

येथून गौहर महाल, आणि त्यापुढे शीतलदास की बगिया. प्रदक्षिणेत भेटणारे हे खरे देवस्थान. पाण्याशी उतरणारा घाट, काठावर देवळे, आणि छठपर्वाला सूर्यास अर्घ्य देणाऱ्यांची दाटी. थोडे पुढे बांधावर राणी कमलापतीचा महाल. ती गिन्नोरगडच्या गोंड राजाची विधवा होती, आणि तिच्याच मदतीच्या निमित्ताने दोस्त महंमद या भागात स्थिरावला.

ज्यांना ही फेरी करावयाची असेल त्यांनी कार्तिकात जावे. तेव्हा तलाव भरलेला असतो, हवा निवळलेली असते. एका दिवसात ती पायी पुरी करण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दिवशी कमला पार्क ते भदभदा, दुसऱ्या दिवशी बैरागढपासून शीतलदास की बगिया, आणि मधला पश्चिमेचा भाग वाहनाने, अशी विभागणी सोयीची पडते. जमल्यास तिसरा दिवस दोराह्यासाठी ठेवावा.