आयाराम-गयाराम

आयाराम-गयाराम ही भारतीय राजकारणात वारंवार पक्ष बदलणाऱ्या लोकप्रतिनिधींसाठी उपहासाने वापरली जाणारी संज्ञा आहे. १९६७ साली हरियाणातील सत्तांतराच्या काळात ती रूढ झाली आणि हिंदीतून मराठीसह इतर भारतीय भाषांत पसरली. मराठीत या जोडशब्दाची फोड होऊन दोन स्वतंत्र नामे तयार झाली आहेत. पक्षात नव्याने दाखल होणारा तो 'आयाराम' आणि पक्ष सोडून जाणारा तो 'गयाराम'. एकाच पक्षांतराने एकच व्यक्ती एका पक्षासाठी गयाराम आणि दुसऱ्यासाठी आयाराम ठरते. त्यामुळे ही संज्ञा वापरणाऱ्याची बाजूही तिच्यातून कळते. कायद्यात या संज्ञेला स्थान नाही. तेथे 'पक्षांतर' आणि 'अनर्हता' हे शब्द आहेत.

उगम

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा राज्य अस्तित्वात आले. १९६७ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत ८१ पैकी ४८ जागा काँग्रेसने जिंकल्या आणि भगवत दयाल शर्मा मुख्यमंत्री झाले. मात्र पक्षातील असंतुष्ट गटाने लगेचच उचल खाल्ली. मुख्यमंत्र्यांच्या उमेदवाराचा पराभव करून राव बीरेंद्र सिंह विधानसभेचे अध्यक्ष झाले, त्यानंतर काही काँग्रेस आमदारांनी पक्ष सोडला आणि सरकार दोन आठवड्यांतच कोसळले. २४ मार्च १९६७ रोजी राव बीरेंद्र सिंह यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त आघाडीचे सरकार स्थापन झाले.

याच धामधुमीत हसनपूर मतदारसंघातून अपक्ष निवडून आलेले आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली. ते काँग्रेसमधून संयुक्त आघाडीत गेले, पुन्हा काँग्रेसमध्ये परतले आणि अवघ्या नऊ तासांत पुन्हा आघाडीत दाखल झाले. प्रचलित माहितीनुसार राव बीरेंद्र सिंह यांनी त्यांना चंदीगड येथे पत्रकारांसमोर उभे केले आणि 'गयाराम' आता 'आयाराम' झाले आहेत, अशा अर्थाचे विधान केले. गयालाल यांच्या नावावरील ही कोटी पुढे वृत्तपत्रांनी आणि संसदेतील वक्त्यांनी उचलून धरली. हे उद्गार काढणारे राव बीरेंद्र सिंह स्वतःही काही दिवसांपूर्वीच काँग्रेस सोडून आले होते. पक्षांतरांचे सत्र न थांबल्याने नोव्हेंबर १९६७ मध्ये हरियाणा विधानसभा बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लागू करण्यात आली.

गयालाल यांचे पुत्र उदयभान पुढे आमदार झाले आणि २०२२ मध्ये हरियाणा प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

पार्श्वभूमी

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले किंवा अत्यंत काठावर आले. अशा विधानसभांत दोन-चार आमदारांच्या हालचालीने सरकार पडू शकत असल्यामुळे प्रत्येक आमदाराचे मोल वाढले. पक्षांतर करणारे केवळ दुय्यम फळीतील नव्हते. उत्तर प्रदेशात चरण सिंह आणि मध्य प्रदेशात गोविंद नारायण सिंह यांनी १९६७ मध्ये समर्थकांसह काँग्रेस सोडली आणि दोघेही संयुक्त विधायक दलाच्या सरकारांचे मुख्यमंत्री झाले.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी लोकसभेच्या ठरावानुसार तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने १९६९ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १९५७ ते १९६७ या काळात सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती, तर मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एकाच वर्षात ती ४३८ वर पोहोचली. विविध राज्यांत पक्ष बदलणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच पाठिंब्याने बनलेल्या मंत्रिमंडळांत स्थान मिळाले होते. मंत्रिपदाचे आमिष हे पक्षांतराचे प्रमुख कारण असल्याचे या आकड्यांवरून दिसत असल्याने, पक्षांतर करणाऱ्यास ठरावीक काळ मंत्रिपद देऊ नये आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा असावी, असे उपाय समितीने सुचवले. समितीची पक्षांतराची व्याख्या पक्षाच्या राखीव चिन्हावर निवडून आलेल्या सदस्यांपुरती होती. त्यामुळे ज्यांच्या नावावरून संज्ञा पडली ते अपक्ष गयालाल त्या व्याख्येत बसत नव्हते.

पक्षांतरबंदी कायदा

समितीच्या अहवालानंतर सोळा वर्षांनी, १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला दहावे परिशिष्ट जोडण्यात आले. ते १ मार्च १९८५ पासून अमलात आले. दरम्यान जानेवारी १९८० मध्ये हरियाणाचे मुख्यमंत्री भजनलाल यांनी जनता पक्षातील बहुसंख्य आमदारांसह काँग्रेसमध्ये प्रवेश केला होता आणि त्यांचे मुख्यमंत्रिपद कायम राहिले होते.

दहाव्या परिशिष्टानुसार पुढील परिस्थितीत सदस्य अपात्र ठरतो:

• पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडल्यास;
• पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास किंवा मतदानास गैरहजर राहिल्यास आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ न केल्यास;
• अपक्ष सदस्याने निवडून आल्यानंतर एखाद्या पक्षात प्रवेश केल्यास;
• नामनिर्देशित सदस्याने सहा महिन्यांच्या मुदतीनंतर एखाद्या पक्षात प्रवेश केल्यास.

अपात्रतेचा निर्णय सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती देतात. किहोतो होलोहान खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परिशिष्टाची वैधता मान्य केली. मात्र अध्यक्षांच्या निर्णयाला न्यायालयीन छाननी लागू राहील, असे ठरवले. गोव्याचे माजी मुख्यमंत्री रवी नाईक यांच्या खटल्यात (१९९४) 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे' म्हणजे केवळ राजीनामा नव्हे, तर सदस्याच्या वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असा निर्णय झाला.

मूळ तरतुदीत विधिमंडळ पक्षातील एक-तृतीयांश सदस्य फुटल्यास त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले. याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या आकारावर सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के अशी सर्वसाधारण मर्यादा आणली आणि अपात्र ठरलेल्यांना मंत्रिपदासाठी अपात्र केले. चव्हाण समितीच्या सूचनांशी मिळत्याजुळत्या या तरतुदी तीन दशकांहून अधिक काळाने प्रत्यक्षात आल्या. दोन-तृतीयांश सदस्यांनी मान्य केलेल्या विलीनीकरणाला असलेले संरक्षण मात्र कायम राहिले.

एकट्याकडून गटाकडे

कायद्यामुळे एकट्यादुकट्या आमदाराने पक्ष बदलणे जोखमीचे झाले, परंतु मोठ्या गटाने बाहेर पडणे तुलनेने सुरक्षित राहिले. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भारतीय जनता पक्षात विलीन होत असल्याचे जाहीर केले. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, क्रूस आणि दर्गा अशा तीन ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्षाच्या ११ पैकी ८ आमदारांनी पुन्हा भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. दोन्ही वेळा संख्या दोन-तृतीयांशच्या अटीत बसणारी होती.

दुसरा मार्ग राजीनाम्याचा आहे. कर्नाटकात २०१९ मध्ये आघाडी सरकारच्या बाजूच्या १७ आमदारांना राजीनाम्यांच्या व बंडाच्या पार्श्वभूमीवर अध्यक्षांनी अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, परंतु त्यांना पोटनिवडणूक लढवण्याची मुभा दिली. त्यांपैकी अनेकांनी नव्या पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढवली.

मराठीतील वापर

मराठी वृत्तपत्रांत ही संज्ञा निवडणुकीच्या तोंडावर विशेष दिसते. 'आयारामांना पायघड्या, निष्ठावंतांना डावलले' अशा धर्तीच्या मथळ्यांत आयाराम हा 'निष्ठावंत' या शब्दाचा विरुद्धार्थी ठरतो. येथे रोख पक्ष सोडणाऱ्यावर नसून त्याला उमेदवारी देणाऱ्या पक्षावर असतो. पक्षातच राहून अधिकृत उमेदवाराविरुद्ध अर्ज भरणाऱ्यास 'बंडखोर' किंवा थट्टेने 'बंडोबा' म्हणतात आणि त्याने अर्ज मागे घेतल्यास बंडोबांचे 'थंडोबा' झाले, असे म्हटले जाते. आमदारांच्या खरेदीविक्रीच्या आरोपासाठी 'घोडेबाजार' हा शब्द रूढ आहे.

याहून तीव्र दोषारोप करणारे शब्द युद्ध व इतिहासाच्या परिभाषेतून आले आहेत. 'फितूर', 'घरभेदी' आणि 'गद्दार' ही त्यांची उदाहरणे होत. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडण्याशी परंपरेने ज्याचे नाव जोडले जाते, त्या सूर्याजी पिसाळाचे नावही राजकीय भाषणांत फितुरीचे प्रतीक म्हणून येते. त्याच्यावरील आरोपाच्या ऐतिहासिक आधाराविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांनी वसंतदादा पाटील यांच्या सरकारमधून बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार स्थापन केले. तेव्हापासून 'पाठीत खंजीर खुपसणे' हा वाक्प्रचार महाराष्ट्राच्या राजकारणात या घटनेशी जोडला गेला. पवार यांनी हा आरोप नाकारला आहे. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ यांनी शिवसेना सोडल्यानंतर बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांना 'लखोबा लोखंडे' असे नाव दिले. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकातील वेषांतर करून फसवणूक करणाऱ्या पात्राचे हे नाव आहे.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासह शिवसेनेच्या आमदारांचा मोठा गट पक्षनेतृत्वापासून वेगळा झाला. उद्धव ठाकरे यांच्या समर्थकांनी या गटाला 'गद्दार' म्हटले. त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी आर्थिक व्यवहाराचा आरोप सूचित करणाऱ्या 'पन्नास खोके, एकदम ओके' अशा घोषणा दिल्या. शिंदे गटाने हे आरोप फेटाळले आणि आपल्या कृतीसाठी 'उठाव' हा शब्द वापरला. पक्ष आपण सोडलेला नसून मूळ शिवसेना आपणच आहोत, अशी त्यांची भूमिका होती. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचा निर्णय दिला आणि दोन्ही गटांतील कोणत्याही आमदाराला अपात्र ठरवले नाही.

इतर देशांतील समांतर संज्ञा

पाकिस्तानात पक्ष बदलणाऱ्यास 'लोटा' म्हणतात. बूड नसलेला लोटा कोणत्याही बाजूला कलंडतो, अशी त्यामागील कल्पना आहे. मराठीतील 'बिनबुडाचा' हे विशेषण तिच्या जवळचे आहे. फिलिपिन्समध्ये यासाठी 'बालिंबिंग' म्हणजे अनेक कडा असलेल्या करंबळ फळाचे नाव वापरतात. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेतील होडीवाचक शब्दावरून 'वाका-जंपिंग' ही संज्ञा आली आहे. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाच्या परंपरेत पक्षाशी द्रोह करणाऱ्यास 'रॅट' म्हणजे उंदीर म्हटले जाते. १९१६ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीच्या वादातून पक्षाबाहेर पडलेले पंतप्रधान बिली ह्यूज हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत 'रायनो' हे लघुरूप 'केवळ नावापुरता रिपब्लिकन' या अर्थाने वापरतात. आयारामाप्रमाणे रायनो पक्ष बदलत नाही. पक्षात राहूनच तो पक्षाच्या भूमिकेशी फारकत घेतो, असा आक्षेप असतो.

टीका

स्वार्थासाठी केलेले पक्षांतर आणि तत्त्वासाठी केलेली असहमती यांत ही संज्ञा भेद करत नाही, असा आक्षेप घेतला जातो. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान करण्याचे आवाहन केले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांचा व्ही. व्ही. गिरी यांनी पराभव केला. एका बाजूने याला शिस्तभंग मानले, तर दुसऱ्या बाजूने अंतरात्म्याचा आवाज. त्याच वर्षी पक्ष फुटला.

हाच प्रश्न कायद्याबाबतही उपस्थित होतो. पक्षादेश प्रत्येक मतदानाला लागू करता येत असल्याने सदस्याच्या मताला वाव उरत नाही, असे टीकाकार म्हणतात. दिनेश गोस्वामी समितीने (१९९०) अपात्रता ही स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे आणि सरकारवरील विश्वासाशी निगडित मतदान यांपुरती मर्यादित ठेवण्याची शिफारस केली होती. याउलट कायद्याच्या समर्थकांच्या मते मतदार उमेदवाराबरोबर पक्षालाही मत देतो, त्यामुळे निवडणुकीनंतर पक्ष बदलणे हा मतदारांच्या कौलाचा भंग आहे.

हे सुद्धा पहा

• पक्षांतरबंदी कायदा
• यशवंतराव चव्हाण
• पुरोगामी लोकशाही दल
• हरियाणा विधानसभा