हरणाच्या रानाचं भाडं

आमच्या टीममधला टेक्सासचा एक सहकारी दर उन्हाळ्यात एक स्प्रेडशीट तयार करतो. त्यात आठ नावं असतात आणि समोर खर्चाच्या रकमा. जमिनीचं वर्षाचं भाडं, विम्याचा हप्ता, मचाणाची डागडुजी, हरणांसाठी टाकायचा मका, मुक्कामाच्या जागेचं वीज-पाणी. सगळ्याची बेरीज, भागिले आठ. तिकडे याला 'डिअर लीज' म्हणतात. एखाद्या शेतकऱ्याचं किंवा रँचवाल्याचं रान हंगामापुरतं किंवा वर्षभरासाठी भाड्यानं घ्यायचं आणि तिथे हरणाची शिकार करायची. यंदा एकरी दर वाढला, म्हणून तो वैतागला होता.

मला त्या शीटमधली एक गोष्ट फार विचित्र वाटली. हरणाची किंमत कुठेच नव्हती. विचारल्यावर कळलं की ती नसतेच. टेक्सासच्या कायद्यात पांढऱ्या शेपटीचं रानटी हरीण जमीनमालकाचं नाही, राज्यातल्या सगळ्या जनतेचं आहे. पण राज्यातली सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे. हरीण सगळ्यांचं आणि ते चरतं ते रान मात्र एकाचं. म्हणून मालक हरीण विकत नाही, आत येण्याची परवानगी विकतो. भाडं असतं ते फाटकाचं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडेही हरणांची शिकार होती, आणि साधीसुधी नव्हे, चित्त्याकडून करवलेली. मग साहजिकच प्रश्न पडला, आमच्या रानाचं भाडं किती होतं? आणि ते कोण देत होतं?

माळ, काळवीट आणि चित्ता

कोल्हापूर म्हटलं की आज उसाचा हिरवा पट्टा डोळ्यांसमोर येतो. जिल्ह्याचा नकाशा पावसाच्या नजरेनं पाहिला तर वेगळंच चित्र दिसतं. पश्चिमेला गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पूर्वेला शिरोळकडे जेमतेम पाचशेच्या घरात. पश्चिमेला दाजीपूरचं दाट जंगल, तिथे गवे, सांबर, भेकर. पूर्वेकडे पाटाचं आणि उपशाचं पाणी पोचण्याआधी उघडे माळ होते, ज्वारीची रानं होती आणि गवत होतं. काळविटाला हेच लागतं. तो झाडीत राहत नाही. त्याचा सगळा भरवसा लांबवर दिसण्यावर आणि पळण्यावर.

चित्त्यालाही असंच मोकळं रान लागतं. बिबट्यासारखा तो दबा धरून झाडावरून उडी मारत नाही. काहीशे मीटरची एकच जीवघेणी धाव घेतो. तेवढ्यात सावज सापडलं नाही तर तो नाद सोडतो. या स्वभावावरच चित्त्याची शिकार बेतलेली होती. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची, त्याला गाडीवर बसवून कळपाच्या जवळ न्यायचं आणि योग्य अंतरावर आल्यावर टोपी काढायची. चित्त्यानं काळवीट पाडलं की चित्तेवान धावत जाणार, त्याला पळीत रक्त किंवा मांसाचा तुकडा देऊन सावजापासून सोडवणार आणि पुन्हा टोपी चढवणार. चित्तेवानाचं हे काम पिढीजात असे. घरातलं मूल लहानपणापासून चित्त्याच्या वासात वाढलं तरच त्याला ते जमायचं.

शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ साली त्यांचं निधन झालं. या काळात कोल्हापूरचा चित्तेखाना नावारूपाला आला. महाराज स्वतः पट्टीचे शिकारी होते. पुढे राजाराम महाराजांच्या काळातही हा शौक चालू राहिला. तोवर हिंदुस्थानातला चित्ता जवळजवळ संपत आला होता. शतकानुशतकं रानातून मोठे चित्ते पकडून आणायचे आणि माणसाळवायचे, हीच पद्धत होती. कारण तेव्हा कैदेत चित्त्यांची वीण सहसा होत नसे. जहांगीर बादशहानं १६१३ साली आपल्याकडे चित्तिणीला पिल्लं झाल्याची नोंद केली. त्यानंतर अशी घटना नोंदली गेली ती थेट १९५६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे संस्थानिकांच्या पदरी असलेला प्रत्येक चित्ता रानातून वजा झालेला असे, आणि त्याच्या जागी दुसरा जन्मत नसे. रानं रिकामी झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणायला सुरुवात केली. चित्त्यांचा इतिहास लिहिणाऱ्या दिव्यभानुसिंहांनी १९१८ ते १९४५ या काळात हिंदुस्थानात असे सुमारे दोनशे चित्ते आल्याचा हिशोब मांडला आहे.

शीट भरायला घेऊ

आता टेक्सासच्या शीटमधले रकाने कोल्हापूरला लावून बघू.

पहिला रकाना जमिनीचा. संस्थानात शिकार हा राजाचा आणि राजाच्या परवानगीचा विषय. रान राखीव असेल तर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. गवत राखायचं तर कुरण आलं. कुरण हा मराठेशाहीपासूनचा शब्द. पागेच्या घोड्यांसाठी राखलेलं गवत, गावच्या गुरांना मज्जाव. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगर-दऱ्या आणि गायरानं जंगल खात्यानं गिळली आणि शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. ती ब्रिटिश सरकारबद्दल होती. पण रान राखणारा गोरा असो की आपला, गुराख्याच्या पायांखालची वाट सारखीच बंद होते.

दुसरा रकाना चाऱ्याचा. टेक्सासचा शिकारी हरणांसाठी मक्याची पोती विकत घेतो. आमच्याकडे हरणाला ज्वारी, हरभरा, भुईमूग शेतकरी घालत असे, न विचारता. काळविटांना कागदावरची हद्द कळत नाही. दिवसा माळावर आणि अंधार पडला की पिकात. शेतकऱ्याच्या हातात गोफण, बुजगावणं आणि मचाणावरची रात्रभराची राखण. शिवाय रयतवारी पद्धतीत सारा ठरे जमिनीच्या प्रतीवर, हाती आलेल्या पिकावर नाही. हरणांनी चार पोती खाल्ली म्हणून सारा चार पोत्यांनी उतरत नसे.

तिसरा रकाना मजुरीचा. मोठ्या जनावराच्या शिकारीला हाका लागतो. रानाच्या एका अंगानं शे-दोनशे माणसांनी डबे, ढोल बडवत यायचं आणि जनावर बंदुकीच्या दिशेला ढकलायचं. त्या काळी देशभर, ब्रिटिश मुलखात आणि संस्थानांतही, साहेबाचं किंवा सरदाराचं सामान वाहायला, सरपण आणि वैरण आणायला गावातली माणसं वेठीला धरली जात. बहुतेकदा बलुतेदार, त्यातही महार. इथे शाहू महाराजांचं वेगळेपण मान्य करायलाच हवं. त्यांनी १९१८ साली महार वतन रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या आणि पुढे आपल्या राज्यातली वेठबिगार कायद्यानं बंद केली. शिकारीचा शौक असलेल्या राजानं शिकारीला फुकट माणसं पुरवणारी व्यवस्थाच मोडली. हे सोपं नव्हतं.

तिन्ही रकान्यांत रक्कम आहे. पण ती एकाही खातेवहीत 'शिकार' या नावाखाली दिसणार नाही, कारण ती खजिन्यातून गेलीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये आपण खर्च दुसऱ्याच्या सर्व्हरवर ढकलतो आणि आपलं ॲप हलकंफुलकं आहे असं सांगतो, तसंच हे. शिकार राजाच्या नावावर, लोड रयतेवर.

फासेपारधी

या शीटमध्ये एक नाव राहिलं. फासेपारधी. नावातच फास आहे. हरणाच्या वाटेवर दोरीचे फास मांडून ते जिवंत जनावर पकडत. त्यांना ना घोडा लागे, ना चित्ता, ना कुरण. हरीण त्यांच्यासाठी पोटाचा प्रश्न होता, आणि पिकात घुसणारं हरीण कमी झालं तर शेतकऱ्याचीही त्याला हरकत असण्याचं कारण नव्हतं. ब्रिटिशांनी १८७१च्या कायद्यानं अशा अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. शाहू महाराजांनी मात्र फासेपारध्यांना कोल्हापूरजवळच्या सोनतळीला आसरा दिला, पहारेकरी म्हणून नेमलं आणि रोजच्या हजेरीतून सोडवलं. ज्यांच्यावर चोर म्हणून पाळत ठेवायची, त्यांनाच राजानं आपल्या दाराशी राखणीला उभं केलं.

स्वतंत्र भारतात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि फास मांडणं हाच गुन्हा झाला. गंमत म्हणजे १९७२च्या मूळ कायद्यात ठरावीक जनावरांसाठी शिकारीच्या परवान्यांची सोय होती. ती पूर्ण गेली १९९१च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे परवाना काढू शकणाऱ्याला जवळपास वीस वर्षांची सवलत मिळाली. पारध्याला परवान्याच्या ऑफिसची पायरीही माहीत नव्हती.

शिकारबंदी चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. कोरियाच्या महाराजांनी १९४७च्या सुमाराला एका रात्रीत तीन चित्ते मारले, ते इथले शेवटचे चित्ते मानले जातात. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीटही त्याच वाटेवर होतं. कायदा आला नसता तर आज काळवीट आपण फोटोतच पाहिलं असतं. प्रश्न एवढाच आहे की शिकारी गेला, तेव्हा रानाचं भाडं संपलं का?

शिकारी गेला, भाडं राहिलं

सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. यातली बहुतेक जमीन लोकांच्या मालकीची, गावंच्या गावं आत. माळढोक आणि काळवीट एकाच गवतावर जगतात, म्हणून हेतू चांगलाच होता. पण अभयारण्य म्हटलं की जमिनीच्या व्यवहारावर, बांधकामावर, उद्योगावर बंधनं आली. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्याच हातात व्यवहार नाही. लेकीच्या लग्नाला एकर विकायचा तरी अडचण. तीसेक वर्षांनी हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक अगदी विरळ झाला होता. भाडं वसूल झालं, ज्याच्यासाठी घेतलं तो पक्षी जवळजवळ राहिला नाही आणि ज्यांनी दिलं त्यांना पावतीही मिळाली नाही.

दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ साली अभयारण्य झालं, आज ते ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य आहे. गवे वाचले, वाढले. आता ते उसात येतात, कधी शहराच्या वेशीपर्यंत येतात आणि आपण व्हिडिओ काढतो. ज्याचा ऊस लोळवला, तो पंचनाम्यासाठी तलाठी आणि वनरक्षकाची वाट बघत बसतो. चित्त्यांचं तेच. २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले तेव्हा सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. ते रान मोकळं कसं होतं? सिंह आणायचे म्हणून त्याआधीच तिथली २४ गावं उठवली होती. सिंह आले नाहीत. उठवलेल्यांत बहुसंख्य होते सहरिया आदिवासी.

आता टेक्सासची दुसरी बाजू. १९३२ साली तिथल्या रँचवर आपलं काळवीट नेऊन सोडलं गेलं. परदेशी जनावर असल्यानं तिथे ते जनतेचं नाही, त्याला शिकारीचा हंगामही नाही. मालक काही हजार डॉलर घेऊन एक नर मारू देतो. ऐकायला ओंगळ वाटतं. पण त्या पैशामुळे मालक गवत राखतो आणि तिथे काळविटं हजारोंनी आहेत. पाकिस्तानातून काळवीट नाहीसं झालं, तेव्हा १९७०च्या दशकात पुन्हा वाढवण्यासाठी जनावरं नेली ती टेक्सासमधूनच. याच काळविटाच्या नावानं महाराष्ट्रात असलेलं रेहेकुरी अभयारण्य अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. बाकीची काळविटं राहतात लोकांच्या शेतात, लोकांच्या खर्चानं.

आपल्याकडे शिकार भाड्यानं सुरू करावी, असा याचा अर्थ मी काढत नाही. आपल्या समाजात बंदूक आणि जमीन कुणाच्या हातात असते हे माहीत असताना तर नाहीच. पण टेक्सासच्या त्या शीटमध्ये एक प्रामाणिकपणा आहे. हरणाला रान लागतं, रान कुणाचं तरी असतं आणि त्या कुणाला तरी पैसे द्यावे लागतात, हे तिथे आधीच लिहिलेलं आहे. आपण शिकारीचे फोटो जपले, मग वन्यजीवांचे फोटो जपले. दोन्ही वेळा चौकटीबाहेर तोच शेतकरी उभा होता.

नुकसान झाल्यावर पंचनामा करणं म्हणजे भरपाई. ती मिळाली तर उपकारासारखी मिळते. भाडं वेगळं असतं. ते आधी ठरतं, वेळेवर येतं आणि देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचा हक्क त्यात मोठा असतो. ज्या शेतकऱ्यानं बांधाला गवत राखलं, विहिरीला कठडा बांधला, काळविटाला हुसकलं पण मारलं नाही, त्याला एकरी काही रक्कम दरवर्षी आपोआप खात्यात मिळाली, तर ते दान ठरणार नाही. शंभरहून अधिक वर्षं थकलेल्या भाड्याचा तो पहिला हप्ता असेल.