ठासणीची बंदूक : एक व्याख्या, दोन हंगाम

आमच्या गोव्यात ठासणीची बंदूक म्हटली की रानडुकरांपासून बागायत राखणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. 1959 च्या शस्त्र कायद्यातही ती पिकाच्या राखणीसाठी म्हणूनच आली आहे. आयुष्य फायलींत गेल्यामुळे मला बंदुकीपेक्षा तिच्या व्याख्येचेच कुतूहल जास्त! आणि या व्याख्येवरूनच अमेरिकेतले शिकारी गेली कित्येक वर्षे भांडत आहेत.

तिथे हरणांच्या शिकारीचे हंगाम प्रत्येक राज्य ठरवते. नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासणाऱ्यांना वेगळे दिवस मिळतात, कारण त्यांच्या हातात एकच बार, तोही बेभरवशाचा. पेनसिल्व्हेनियाने 1974 साली असा हंगाम सुरू केला, आणि तो केवळ चकमकीच्या बंदुकीसाठी. अठराव्या शतकात याच राज्यात, लँकेस्टरच्या बाजूला, जर्मन कारागीर लांब नळीच्या रायफली घडवत असत.

चकमकीचे काम मोठे नाजूक. घोडा पडला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या दारूवर पडते, आणि ती आग बारीक भोकातून आत जाते. तेवढ्या क्षणात हरीण हलले तर संपले. दारू दमट असेल तर नुसताच ‘खट्’ आवाज!

1985 मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी एमके-85 ही बंदूक आणली. हिच्यात टोपी दारूच्या थेट मागे, नळीच्या सरळ रेषेत. अशा ‘इनलाइन’ बंदुकांवर पुढे दुर्बीण चढली, दारूच्या तयार गोट्या आल्या, पल्ला वाढला. ठासणे मात्र तोंडातूनच, म्हणजे शब्दशः कायदा पाळला गेला! जुन्या मंडळींचे म्हणणे असे, की अडचणच उरली नाही तर सवलत कसली? मला ते पटते. पण नव्यांचा एक मुद्दा झटकून टाकता येत नाही : अचूक बारामुळे जनावर जखमी होऊन तडफडत नाही.

कोलोरॅडोने आपल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण आणि दारूच्या गोट्या बंद ठेवल्या. पेनसिल्व्हेनियाने ऑक्टोबरात माद्यांच्या शिकारीसाठी छोटा हंगाम दिला, त्यात इनलाइन चालते. नाताळानंतरचा हंगाम मात्र अजून चकमकीचाच. बर्फात दारू भिजू नये म्हणून शिकारी घोड्यावर चरबी चोळलेले चामडे बांधतात. त्या चामड्याचे तिथले जुने नाव ‘गायीचा गुडघा’.