पेण-रोह्याहून परराज्यात जाताना दिव्यांग मुलाच्या शाळेतल्या सोयी कशा टिकवायच्या?

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथल्या कामगाराला उद्या गुजरातमधल्या दहेज, अंकलेश्वर किंवा वापीला नोकरी लागली, तर सामान टेम्पोत भरून चार दिवसांत घर हलतं. घरात दिव्यांग मूल असेल, तर मात्र प्रश्न फक्त नवी शाळा शोधण्याचा नसतो. आठवड्याला येणारे विशेष शिक्षक, मिळणारा मदतनीस भत्ता, परीक्षेतला जादा वेळ, बोलण्याची थेरपी, या सगळ्याचं काय होणार?

थोडक्यात उत्तर असं: मुलाचे हक्क त्याच्यासोबत देशभर जातात, पण त्याला मिळणाऱ्या सोयी आपोआप जात नाहीत. अमेरिकेत याबाबत केंद्रीय कायदा आहे. मूल दुसऱ्या राज्यात गेलं, तर नव्या शाळेने स्वतःची तपासणी होईपर्यंत जुन्या आराखड्याशी मिळत्याजुळत्या सेवा द्यायच्या असतात. भारतात असा स्पष्ट नियम नाही. त्यामुळे इथे पालकांच्या हातातली फाइल हाच जुन्या आणि नव्या शाळेतला दुवा ठरतो.

कोणते हक्क राज्य बदललं तरी कायम राहतात?

दोन केंद्रीय कायदे लक्षात ठेवायचे.

पहिला, २००९चा शिक्षण हक्क कायदा. तो ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू होतो. त्याच्या कलम ५नुसार मुलाला कोणत्याही कारणाने राज्यात किंवा राज्याबाहेर जावं लागलं, तर त्याला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलालाही प्रवेश द्यावा लागतो.

दुसरा, २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. कलम १६नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, अशी तरतूद आहे. म्हणजे ही जबाबदारी फक्त जिल्हा परिषदेच्या शाळांची नाही. कलम ३१ आणखी पुढे जातं. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क ते देतं. आठवीनंतर शिक्षण हक्क कायद्याचा आधार संपतो, तेव्हा हेच कलम उपयोगी पडतं.

याच कायद्याच्या कलम ५८मध्ये एक महत्त्वाचं वाक्य आहे: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर वैध असेल. म्हणजे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून मिळालेलं प्रमाणपत्र भरूचमध्येही चालतं. राज्य बदललं एवढ्याच कारणाने पुन्हा सगळ्या तपासण्या करण्याची गरज नाही.

मग मागे काय राहतं?

जे राज्य सरकारच्या योजनेतून किंवा स्थानिक व्यवस्थेतून मिळतं, ते मागे राहतं.

- विशेष शिक्षक: समग्र शिक्षा अभियानात नेमलेले विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात आणि अनेक शाळांना भेटी देतात. समग्र शिक्षा ही देशभरची योजना असल्याने अशी माणसं दुसऱ्या राज्यातही असतात, पण पदाचं नाव बदलतं. कर्नाटकात त्यांना ‘बीआयईआरटी’ म्हणतात.
- भत्ते: प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींना दरमहा २०० रुपयांप्रमाणे वर्षातले १० महिने मिळणारं विद्यावेतन हे समग्र शिक्षेतूनच येतं. नव्या शाळेने मुलाचं नाव दिव्यांग विद्यार्थी म्हणून नोंदवल्याशिवाय ते पुन्हा सुरू होत नाही.
- २५ टक्के राखीव जागा: खासगी शाळेत आरटीईतून मिळालेली मोफत जागा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. नव्या राज्याच्या प्रक्रियेत नव्याने अर्ज करावा लागतो आणि तो प्रवेश साधारणपणे सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो.
- राज्याच्या योजना: संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. एसटीची सवलतही महाराष्ट्राच्या एसटीपुरतीच असते. नव्या राज्यातल्या समाजकल्याण कार्यालयात तिथल्या योजनांची चौकशी करावी लागते.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना मात्र केंद्राची आहे. तिचं १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण राज्य बदललं म्हणून जात नाही. थेरपीचा काही खर्चही तिच्यात बसतो. नूतनीकरणाची तारीख तेवढी पाहून ठेवायची.

निघण्यापूर्वी पेण-रोह्यात करायची कामं

घर हलवायच्या किमान तीन-चार आठवडे आधी शाळेला लेखी कळवावं. मे महिन्याच्या सुट्टीत मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षक दोघंही भेटणं कठीण असतं, म्हणून वार्षिक परीक्षा संपण्याआधीच फाइल तयार केलेली बरी. फाइलमध्ये पुढील कागद असावेत:

१. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपत्रकं.

२. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. मुलाला सध्या काय येतं, वर्षभरात काय शिकवायचं ठरलं, कोणत्या पद्धतीने शिकवलं, हे यात लिहिलेलं असतं. तो शाळेत किंवा विशेष शिक्षकांकडे असतो. त्याची सही-शिक्क्याची प्रत मागावी.

३. मिळणाऱ्या सोयींचं पत्र. विशेष शिक्षक किती वेळा येतात, लेखनिक किंवा जादा वेळ मिळतो का, बसायची जागा कोणती, मदतनीस आहे का, हे मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर घ्यावं. आराखडा तयारच झाला नसेल, तर या पत्राचं महत्त्व अधिकच वाढतं.

४. दिव्यांगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, श्रवण किंवा बुद्ध्यांक चाचणीचे अहवाल, थेरपिस्टच्या नोंदी, चालू औषधांची चिठ्ठी.

५. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कॅलिपर अशा साहित्याच्या पावत्या. केंद्राच्या एडिप योजनेतून साहित्य पुन्हा घेताना मागचं कधी मिळालं, हे पाहिलं जातं. साधारण अट तीन वर्षांची आहे, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती एका वर्षाची आहे.

६. मुलाचा पर्मनंट एज्युकेशन नंबर. याचं लघुरूप ‘पेन’ आहे, पेण गावाशी त्याचा संबंध नाही. यूडायस प्लस या देशव्यापी प्रणालीत मूल याच क्रमांकाने ओळखलं जातं आणि दिव्यांगत्वाची नोंदही तिथेच असते. जुन्या शाळेने मूल शाळा सोडून गेल्याची नोंद केल्यावर नवी शाळा त्याला आपल्याकडे घेऊ शकते. ही नोंद झाली का आणि दिव्यांगत्वाचा प्रकार बरोबर भरला आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.

मूल विशेष शाळेत जात असेल, तर तिथून मूल्यमापनाचा अहवाल आणि शिक्षकांचा अभिप्राय घ्यावा. महाराष्ट्रात विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात, शिक्षण विभागाखाली नाही. त्यामुळे त्या मुलाची माहिती जिल्हा परिषद शाळेच्या यादीत असेलच, असं गृहीत धरू नये.

शाळेला द्यायच्या अर्जात इतकं लिहिलं तरी पुरतं: ‘माझा मुलगा/मुलगी इयत्ता … मध्ये शिकत असून कामानिमित्त आम्ही … राज्यात स्थलांतर करत आहोत. शाळा सोडल्याचा दाखला, वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची प्रत आणि सध्या मिळणाऱ्या सोयींचं पत्र मिळावं. यूडायस प्रणालीत आवश्यक नोंद करावी.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. सोयींचं पत्र शक्य असल्यास इंग्रजीत किंवा हिंदीत घ्यावं, कारण मराठी पत्र पुढे कुणाला वाचता येईलच असं नाही.

यूडीआयडी कार्डाचं काय करायचं?

यूडीआयडी क्रमांक देशभर एकच राहतो, त्यामुळे नवं कार्ड काढायची गरज नाही. आधारवरचा पत्ता बदलल्यावर यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर पत्ता बदलण्याची विनंती करावी. प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायमचं, हेही तपासावं. लहान मुलांची प्रमाणपत्रं बरेचदा मुदतीची असतात. मुदत दोन-चार महिन्यांत संपत असेल, तर ओळखीच्या रुग्णालयात आधी नूतनीकरण करून निघणं सोयीचं. नव्या गावी तज्ज्ञ, तारीख आणि भाषा या सगळ्यांचीच अडचण येऊ शकते.

कार्ड अजून नसेल, तरी शाळेचा प्रवेश थांबवू नये. प्रवेश आणि प्रमाणपत्र ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच वेळी करता येतात.

नव्या गावात पहिल्या महिन्यात

आधी प्रवेश घ्यावा, मग सोयींसाठी लेखी अर्ज द्यावा. त्यात जुन्या सोयींचं पत्र जोडून ‘नवी तपासणी होईपर्यंत याच सोयी सुरू ठेवाव्यात’ अशी विनंती करावी. शाळेवर तसं थेट बंधन नसलं, तरी गरजेनुसार सोय करण्याचं बंधन आहे आणि या पत्रामुळे गरज कोणती, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट होतं.

त्यानंतर तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकांची चौकशी करावी. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी आणि सोयींसाठी एक नोडल अधिकारी असायला हवा. शाळा टाळाटाळ करत असेल, तर पहिली भेट त्यांचीच घ्यावी.

मूल अजिबात शाळेत जाऊ शकत नसेल, तर घरी शिक्षणाचा पर्याय आहे. २०१२च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविकलांगत्व असलेल्या मुलांना तो मागता येतो. पण तो पालकांनी मागायचा पर्याय आहे. ‘तुमच्या मुलाला घरीच ठेवा’ असं शाळेने सांगण्यासाठी तो नाही.

भाषा बदलते तेव्हा

बौद्धिक दिव्यांग किंवा ऑटिझम असलेल्या मुलासाठी भाषा बदलणं हा मोठा धक्का असतो. ‘पाणी’, ‘नको’, ‘शू’ हे शब्द त्याने मराठीत वर्षभर घोटलेले असतात. अशा वेळी मूल कोणत्या शब्दांनी किंवा खुणांनी काय मागतं, याची एक पानाची यादी आणि मोबाइलवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ नव्या शिक्षकांना फार उपयोगी पडतो. सुरतसारख्या शहरात महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. शहर निवडण्याची मुभा असेल, तर ही चौकशी आधी करावी.

अंध मुलांच्या बाबतीत एक दिलासा आहे. भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतल्या समान उच्चाराच्या अक्षरांना समान ठिपके असतात. मराठी ब्रेलमधला ‘क’ आणि गुजराती ब्रेलमधला ‘क’ बोटांना सारखाच लागतो. भाषा नवी असली, तरी लिपी पहिल्यापासून शिकावी लागत नाही.

हंगामी स्थलांतर असेल तर

रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला जिल्ह्याबाहेर जातात, काही थेट कर्नाटकापर्यंत. पावसाळ्याआधी ती परत येतात. अशा मुलांसाठी महाराष्ट्रात शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळतं. मूल कितवीत आहे, काय शिकलं आहे, हे त्यात असतं. दिव्यांग मुलाच्या पत्रकावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि यूडीआयडी क्रमांक लिहून घ्यावा. या मुलांचं नाव मूळ शाळेतून परस्पर कमी होणार नाही, याचीही खात्री करावी. श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या आणि चालू गोळ्या आठ महिने पुरतील का, हा प्रश्न निघण्याआधी विचारायला हवा. भट्टीवर ते मिळत नाही.

नववी-दहावीतलं मूल असेल तर

बोर्ड बदललं की सवलतीही नव्याने मागाव्या लागतात. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ हे केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. भाषा किंवा गणिताच्या विषयातली सूट मात्र प्रत्येक बोर्डाची वेगळी असते. महाराष्ट्र बोर्डाच्या सवलतीवर विसंबून एखादा विषय सोडलेला असेल, तर नव्या बोर्डात तो सक्तीचा नाही ना, हे दाखला काढण्यापूर्वी तपासावं. तसं असेल, तर दहावी होईपर्यंत मुलाला नातेवाइकांकडे ठेवण्याचा विचारही अनेकदा शहाणपणाचा ठरतो.

नकार मिळाला तर

‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही’ हे सर्वाधिक ऐकू येणारं उत्तर. ती शाळेची अडचण आहे, प्रवेश नाकारण्याचं कायदेशीर कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ग्राह्य धरलं आहे.

नकार तोंडी असेल, तर लेखी मागावा. त्यानंतर क्रमाने गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याचे नोडल अधिकारी आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त यांच्याकडे जाता येतं. असे आयुक्त प्रत्येक राज्यात असतात आणि चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार असतात. तक्रार जिथे शाळा आहे, त्याच राज्याच्या आयुक्तांकडे करायची, पुण्याच्या कार्यालयाकडे नाही.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मूल मात्र वर्गात बसलेलं असावं. शाळेबाहेर गेलेले सहा महिने दिव्यांग मुलाला फार महाग पडतात. आलेली अक्षरं, लागलेली सवय, जमलेली मैत्री यांतलं बरंच काही पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून टेम्पो ठरवण्याआधी नव्या गावातली शाळा ठरवावी आणि कागदांची फाइल सामानात न बांधता हातातल्या पिशवीत ठेवावी.