किती वाजले?

मराठीत वेळ दिसत नाही, वाजते. ‘किती वाजले?’ असं आपण विचारतो तेव्हा घड्याळाकडे पाहिलेलं असो वा नसो, भाषा मात्र कान टवकारून असते. ‘तास’ म्हणजे मुळात ठोका द्यायची धातूची थाळी. तळाला बारीक भोक पाडलेलं वाटीसारखं भांडं पाण्यात सोडायचं, ते बुडालं की घटिका भरली, म्हणजे आपली 24 मिनिटं. मग तासावर टोल. थाळीचं नाव कालमापनाला मिळालं आणि घटिकेवरून घड्याळ आलं.

सोलापुरात आमच्या आजोबांची वेळ भोंग्याची होती. ते एका मिलमध्ये विणकाम खात्यात होते. एकदा भोंगा संपायच्या आत फाटकात पाय टाकूनही त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा मांडला गेला. वाद घालायला हाताशी काही नव्हतं. त्या वर्षी त्यांनी उसनवारी करून ठोक्यांचं जुनं भिंतीवरचं घड्याळ आणलं. भोंगा खरा की खोटा, हे आता घरात कळणार होतं.

ते घड्याळ माझ्या लहानपणीही चालू होतं. पण काटे चारवर असताना ठोके सात पडायचे. आजी म्हणायची, ‘‘बघायचं एक, ऐकायचं एक.’’ नवी पेठेतल्या एका घड्याळजींकडे मी ते घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मागची बाजू उघडून एक चकती दाखवली. चकतीच्या कडेला खाचा होत्या, दोन खाचांमधलं अंतर वाढत जाणारं. एक दांडी कडेवरून सरकत असते तोवर हातोडी पडत राहते. दांडी खाचेत उतरली की ठोके थांबतात. अर्ध्या तासाचा एकेक धरून बारा तासांत 90 ठोके. ‘‘पण बाळा,’’ ते म्हणाले, ‘‘ही चकती काट्यांना विचारत नाही. मागच्या खेपेला कुठं थांबलो, एवढंच तिला ठाऊक. कुणी ठोके पुरे होऊ न देता काटे पुढं ढकलले, की हिचं गणित वेगळं आणि काट्यांचं वेगळं.’’

यावरचा उपाय 1676 मध्ये एडवर्ड बार्लो या इंग्रज पाद्र्याने काढला. त्याने तासाच्या काट्याच्या गतीशी जोडलेली, गोगलगायीच्या शंखासारखी बारा पायऱ्यांची चकती बसवली. दातेरी पट्टीचं एक बोट त्या चकतीवर येऊन टेकतं. एक वाजता पायरी उंच असते, म्हणून पट्टी थोडीच सरकते आणि एकच दात मोकळा होतो. बारा वाजता पायरी सर्वांत खोल, म्हणून बारा दात. आता ठोका काट्यांपासून फारकत घेऊ शकत नव्हता. शिवाय तीच वेळ हवी तितक्या वेळा पुन्हा वाजवून घेता येत होती.

यातूनच खिशातलं ‘रिपीटर’ घड्याळ आलं. आगकाडी नव्हती तेव्हा रात्री दिवा लावणं हा खटाटोप असे. अंधारात कळ दाबली की घड्याळ वेळ सांगे. 1687 मध्ये बार्लो आणि डॅनियल क्वेअर यांच्यातला हक्काचा वाद थेट राजा दुसरा जेम्स याच्यापुढे गेला. क्वेअरचं घड्याळ एकाच कळीत तास आणि पाव तास दोन्ही वाजवी, म्हणून कौल त्याच्याकडे गेला. पुढे घंटीच्या जागी यंत्राभोवती गुंडाळलेली पोलादी तार आली आणि घड्याळ पातळ झालं. मिनिटं सांगणाऱ्या घड्याळात तिसरी चकतीही असते, चार हातांची, प्रत्येक हातावर 14 पायऱ्या. कडेची खिटी सरकवली की छोटी स्प्रिंग आवळली जाते आणि बोटं पायऱ्यांवर टेकतात. सोडली की जाड स्वरात तास, दोन स्वरांच्या जोडीत पाव तास, बारीक स्वरात उरलेली मिनिटं. 12 वाजून 59 मिनिटांना 12 ठोके, तीन जोड्या आणि 14 ठोके, एकूण 32. एक नियंत्रक चाक गती बांधून ठेवतं, नाहीतर सगळे ठोके एकमेकांवर आदळतील.

रिपीटर विचारल्यावर उत्तर देतो. भोंगा न विचारता सांगतो, आणि त्याला उलट विचारता येत नाही. सोलापुरात जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत 1884 मध्ये साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, अशा मागण्या होत्या. सकाळची हद्द त्यांनी घड्याळात मागितली, संध्याकाळची सूर्यावर सोपवली. सूर्य सगळ्यांना दिसतो. मिलचं घड्याळ मालकाच्या कचेरीत.

आणि घड्याळ तरी कुठलं? सोलापूरचा सूर्य आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे 26 मिनिटं मागे चालतो, एका घटिकेहून थोडं जास्त. मुंबईची जुनी वेळ 39 मिनिटं मागे. 1 जानेवारी 1906 ला प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईतल्या गिरणी कामगारांनी तिच्याविरुद्ध गोंधळ घातला. काटे पुढे गेले म्हणजे पहाट तेवढी अलीकडे ओढली गेली, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आजोबांच्या घड्याळाचं काय झालं, ते मला फार उशिरा आईकडून कळलं. घड्याळ दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडायचं. घरात तेव्हा रेडिओ नव्हता. म्हणून आजोबा रोज सकाळी काटे हाताने पुढे सरकवून घड्याळ जुळवायचे, भोंगा ऐकून. ज्याच्यावर साक्षीदार म्हणून आणलं, त्यालाच विचारून.

भोंगा आता वाजत नाही. घड्याळ माझ्याकडे आहे. चकतीची दांडी बोटाने उचलून मी ठोके मोजत बसतो, काट्यांशी जुळेपर्यंत. परवा सातवर जुळले. मग सवयीने मोबाइलमध्ये पाहिलं, खरंच सात वाजलेत का.