तराजू कोणी तोलायचा? हबल दुर्बिणीची अंधूक छायाचित्रं

आज आपण हबल अवकाश दुर्बिणीबद्दल बोलणार आहोत, पण तिच्या गाजलेल्या छायाचित्रांबद्दल नव्हे, तर सुरुवातीच्या बिघडलेल्या छायाचित्रांबद्दल.

दूरच्या दीर्घिका आणि तेजोमेघ टिपणाऱ्या कोणालाही विचारा. चित्र धूसर आलं की पहिला संशय हवेवर, मग फोकसवर, मग दुर्बीण ताऱ्यामागे नीट फिरते आहे का यावर. हबलला तर हवेचा अडथळा नको म्हणूनच वर पाठवलं होतं. २४ एप्रिल १९९० रोजी ‘डिस्कव्हरी’ यानातून ती निघाली आणि २० मे रोजी पहिलं चित्र आलं. जमिनीवरून घेतलेल्या चित्रापेक्षा ते सरस होतं, पण ताऱ्यांभोवती प्रकाशाची धूसर झालर होती. दुय्यम आरसा पुढे-मागे सरकवून, तिरका करून पाहिला. फोकस काही जुळेना.

जुळणार कसा? मुख्य आरशाच्या मध्यावरून परतणारे किरण एका ठिकाणी एकत्र येत होते आणि कडेवरून परतणारे दुसऱ्या ठिकाणी. यालाच गोलीय विपथन म्हणतात. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश एका बारीक ठिपक्यात यायला हवा होता; प्रत्यक्षात येत होता जेमतेम १० ते १५ टक्के. २७ जूनला ‘नासा’ने दोष जाहीर केला. २.४ मीटर व्यासाच्या त्या आरशाची कड साधारण दोन मायक्रॉन जास्त सपाट होती, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकी.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. आरसा ‘पर्किन-एल्मर’ कंपनीने कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी इथे घासला होता, आणि तो निष्काळजीपणे घासलेला नव्हता. उलट, अतिशय काटेकोरपणे घासलेला होता, फक्त चुकीच्या आकारात! आकार तपासण्यासाठी ‘नल करेक्टर’ नावाचं उपकरण खास बनवलं होतं. त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं. भिंगाची जागा ठरवायला एक धातूची दांडी होती. तिच्या टोकावरून लेझरचा प्रकाश परत यायचा, पण टोकावरच्या टोपीचा काळा लेप एका जागी उडाला होता, म्हणून प्रकाश टोपीवरूनच परतला. तेवढ्याने भिंग पुरेसं खाली येईना, तेव्हा खाली वॉशर घालून काम भागवलं गेलं. ते वॉशर का लागताहेत, हा प्रश्न तिथेच थांबायला लावू शकला असता.

दोष कोणालाच दिसला नाही असंही नाही. आणखी दोन उपकरणांनी चाचण्या झाल्या होत्या आणि दोन्हींत विपथन दिसलं होतं. पण ती उपकरणं कमी दर्जाची, नल करेक्टर सर्वांत अचूक. तेव्हा चूक त्यांचीच असणार असं मानलं गेलं. ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने नोव्हेंबर १९९० च्या अहवालात नेमकं हेच मांडलं. वेळेचा आणि पैशाचा ताण होता, आणि बाहेरून स्वतंत्र तपासणी झालीच नाही.

आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना इथे न्यायसूत्रांतला तराजू आठवतो. त्या दृष्टांताचा अर्थ असा, की तराजूने आपण सोनं तोलतो, पण वेळ पडली तर ज्याचं वजन आधीच ठाऊक आहे अशा सोन्याने तराजूही तपासता येतो. मोजणारं साधन स्वतःही मोजण्याचा विषय होऊ शकतं. डॅनबरीत सोनं हाताशी होतं, एकदा नव्हे, दोनदा. पण तराजू इतका भारी, की सोन्यालाच खोटं ठरवलं. अशी माणसं मूर्ख नसतात बरं का. कमी भरवशाच्या साधनापेक्षा जास्त भरवशाचं साधन मानावं, हा नियम आपण रोज पाळतो. फक्त एवढंच विसरतो, की दोन कच्च्या साक्षी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगत असतील, तर त्या कच्च्या राहत नाहीत.

आणि उपायही त्याच काटेकोरपणातून निघाला. चुकीचं उपकरण प्रयोगशाळेत जसंच्या तसं जपलेलं होतं. ते मोजून चूक नेमकी किती, हे कळलं. चूक नियमित होती, म्हणून तिच्या बरोबर उलट आकाराचे छोटे आरसे बनवता आले. आरसा वेडावाकडा घासला गेला असता, तर हा मार्गच उरला नसता. डिसेंबर १९९३ मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाच्या अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून नवा कॅमेरा आणि ‘कोस्टार’ हे सुधारक उपकरण बसवलं. १३ जानेवारी १९९४ ला नवी चित्रं जाहीर झाली. त्यांत एम १०० दीर्घिकेचे सर्पिल बाहू स्पष्ट दिसत होते.

तेव्हा यापुढे एखादी अडचणीची नोंद ‘उपकरणाचा दोष’ म्हणून बाजूला सारायची वेळ आली, तर आपण एक विचारू या: कोणत्या उपकरणाचा? प्रश्न असतील तर आता घेऊ.