वर्गातलं यंत्र कुणाच्या हातात?

शाळेत नवं यंत्र आलं की गरिबाचं लेकरू श्रीमंताच्या बरोबरीला येईल, असं दर वेळी सांगितलं जातं. आपल्या देशात हे एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं.

साल १९७५. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला आणि इस्रोनं १ ऑगस्टला 'साइट' प्रयोग सुरू केला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती. आपला महाराष्ट्र नव्हता. टीव्ही तेव्हा शहरातसुद्धा मोजक्याच घरी. आणि इथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री उभारून खेड्यातल्या शाळेत चित्र दिसत होतं! सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी.

टीव्ही शाळेत नाहीतर पंचायतीत ठेवलेला, म्हणजे सगळ्या गावाचा. आरोग्याची नवी माहिती बायकांनी आणि निरक्षरांनी इतरांपेक्षा जास्त उचलली, असं अभ्यासकांना दिसलं. आम्हाला यात नवल वाटत नाही. ज्यांना वर्तमानपत्र बंद, त्यांच्यासाठी ही पहिलीच खिडकी होती.

उणिवाही होत्या. गावं निवडताना वीज कुठे आहे ते बघावं लागलं, म्हणजे सगळ्यात मागे पडलेली बरीच गावं तिथेच गळाली. तीन राज्यांतल्या मुलांना घरची बोली सोडून हिंदीतून ऐकावं लागलं. आणि ३१ जुलै १९७६ ला उपग्रहाची मुदत संपली. पुढे १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, तो शाळेत नव्हे, ज्यांना परवडला त्यांच्या दिवाणखान्यात.

मग २०२०. शाळांना कुलूप लागलं आणि वर्ग मोबाईलवर गेला. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत इंटरनेटची सोय शहरात शंभरातल्या ४२ घरांत होती, खेड्यात जेमतेम १५ घरांत. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, त्यानं टीव्ही असलेल्या घरांना आधार मिळाला. पण घराच्या आतही फरक असतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात ३३, पुरुष ५७. फोन बाबांच्या खिशात, तो दिवसभर कामावर. संध्याकाळी आधी दादाची परीक्षा. ताईची पाळी येईतो डेटा संपलेला, आणि तोवर भाकऱ्यांचीही वेळ झालेली. हे तुम्हाला आम्ही काय सांगावं!

त्याच वर्षी पालघरच्या जव्हार-मोखाडा भागात काही पाड्यांवर 'बोलकी शाळा' भरली. कार्यकर्ते स्पीकर घेऊन यायचे, ध्वनिमुद्रित पाठ लावायचे आणि मुलं-मुली अंतर ठेवून उघड्यावर बसून ऐकायची. त्यासाठी ना घरात फोन लागत होता, ना रिचार्ज.